दोघा भावांची एक जून

ताई, नमस्कार.

मी मूळचा गेवराई तालुक्यातला. वाळूजला बजाजनगरात राहतो. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून आहे, येत्या जूनला सत्तावन्न पूर्ण होतील. थोरले बंधू जिल्हा परिषदेत शिक्षक आहेत. त्यांचीही तारीख १ जूनच, त्यामुळे ते ३१ मेला रिटायर होतायत. चाळीस हजारांच्या वर पेन्शन बसेल म्हणतात. ते डी.एड. करत होते तेव्हा मी साल धरलं होतं, म्हणजे वर्षाच्या करारावर सालगडी होतो. लग्नानंतर पाच वर्षं बायकोला घेऊन कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलो. १९९९ ला वाळूजच्या एका कंपनीत परमनंट झालो, २००८ ला ती बंद पडली, तेव्हा पीएफ आणि पेन्शनचे सगळे पैसे काढून घेतले. २०१० पासून दुसऱ्या कंपनीत गुत्तेदाराकडं, म्हणजे कंत्राटदाराकडं, आहे. मशीन तेच, गुत्तेदार चार झाले. दुसऱ्या गुत्तेदाराच्या काळातली साडेतीन वर्षं पासबुकात दिसतच नाहीत, पगारातून मात्र कापले होते. ती सोडून पुढच्या जूनपर्यंत तेरा वर्षं भरतील, पीएफचा पगार १२,६०० दाखवलाय. आताच्या गुत्तेदाराकडं सहा वर्षं झाली. तो म्हणतो, अठ्ठावन्न झाले की पीएफ बंद, ठेवलं तर रोखीवर ठेवीन.

पेन्शन लवकर घ्यावी का साठपर्यंत थांबावं?

घरात वेगळंच चाललंय. दादांची संघटना म्हणते रिटायरमेंटचं वय साठ करा. माझा पोरगा सव्वीसचा, भरतीची तयारी करतो. तो चुलत्याला बोलला, तुम्ही उठल्याशिवाय आम्ही बसायचं कुठं? दोघांचं बोलणं बंद आहे. बायकोच्या नशिबात तर पेन्शनच नाही. ३१ मेच्या सत्काराला जायला मन होत नाही, खोटं कशाला सांगू.

– एक कामगार, बजाजनगर


दादा,

आधी गुत्तेदाराचं बघू. तिथं वेळ घालवला तर पैसे जातात. घरातला अबोला आठ दिवस लांबला तरी फार बिघडत नाही.

‘अठ्ठावन्न झाले की पीएफ बंद’ हे अर्धंच खरं आहे. कर्मचारी पेन्शन योजना १९९५, म्हणजे ज्याला आपण ईपीएस म्हणतो, तिचं सदस्यत्व अठ्ठावन्नला संपतं. मालक तुमच्या पगारावर जे १२ टक्के भरतो त्यातले ८.३३ टक्के आजवर पेन्शनच्या खात्यात जात होते, ते तिकडं जायचे थांबतात. पण थांबून ते गुत्तेदाराच्या खिशात जात नाहीत, तुमच्या पीएफ खात्यात येतात. कामावर आहात तोवर तुमचे १२ टक्के आणि मालकाचे पूर्ण १२ टक्के चालूच राहतात. १२,६०० वर १२ टक्के म्हणजे १,५१२ रुपये. ‘रोखीवर ठेवीन’ म्हणणारा माणूस दर महिन्याला हे १,५१२ वाचवू बघतोय. त्यासोबत तुमचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्डही जाईल, आणि उद्या मशीनवर हात सापडला तर तुम्ही त्या गेटच्या आत कामाला होतात हे सिद्ध करायची पाळी घरच्यांवर येईल. हजेरीपटावर नाव राहू द्या. त्याला सांगा, रोखीवर येणार नाही.

अठ्ठावन्न हे पेन्शन सुरू व्हायचं वय आहे. कामावरून काढायचं वय कंपनीच्या स्थायी आदेशात किंवा करारात लिहिलेलं असतं. ते काय आहे ते कंपनीच्या ऑफिसात लेखी विचारा. गुत्तेदार हे दोन्ही आकडे एकच असल्यासारखे बोलतो आणि लोक ऐकून घेतात.

आता लवकर की उशिरा. लवकर पेन्शन पन्नाशीनंतर मिळते, पण त्यासाठी काम सुटलेलं असावं लागतं, आणि अठ्ठावन्नच्या आधीच्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कायमची घट बसते. तुमचं काम चालू आहे, म्हणून हा प्रश्नच नाही. उलट अठ्ठावन्न झाल्यावर काम चालू असतानाही पेन्शन सुरू करता येते, हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं. पगारही घ्यायचा, पेन्शनही घ्यायची.

किती मिळेल? पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेला पगाराची मर्यादा ६,५०० ची, नंतरच्या सेवेला १५,००० ची. तुमची आधीची चार वर्षं ६,५०० वर धरली तर ३७१ रुपये. नंतरची नऊ वर्षं १२,६०० वर, म्हणजे १,६२०. एकूण दोन हजारांना नऊ रुपये कमी. शेवटच्या साठ महिन्यांची सरासरी काढतात, पगार मध्ये वाढला असेल तर थोडं खालीवर होईल.

साठपर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढ. दोन वर्षांत दोन हजाराचे साधारण २,१६३ होतात. त्यासाठी चोवीस महिन्यांचे ४८,००० सोडायचे. दरमहा १६३ रुपयांच्या वाढीतून ते ४८,००० भरून निघायला साडेचोवीस वर्षं लागतात, तोवर तुम्ही चौऱ्याऐंशीचे असाल. वर्गणी चालू ठेवून पेन्शन पुढं ढकलायचाही एक मार्ग आहे. ज्याची सेवा फार कमी भरते त्यानं त्याचा हिशोब मांडून बघावा. तुमच्यासाठी माझं उत्तर सरळ आहे: अठ्ठावन्नला अर्ज करा, थांबू नका.

पण दादा, पत्रात तुम्ही हा प्रश्न आधी लिहिलात आणि साडेतीन वर्षं गायब असल्याचं एका वाक्यात उरकलंत. मी असते तर उलटं केलं असतं. ती साडेतीन वर्षं पासबुकात आली तर महिन्याला ६३० रुपये वाढतात, म्हणजे साठपर्यंत थांबून जे मिळेल त्याच्या जवळजवळ चौपट. आणि ते मागण्यात काही उपकार नाहीत, तुमच्या पगारातून कापलेले पैसे आहेत.

गुत्तेदारानं पीएफ भरला नाही तर ती जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे ज्या कंपनीच्या मशीनवर तुम्ही उभे होतात तिची असते. कायद्यातच तसं आहे. कंपनी म्हणेल, तो गुत्तेदार आता इथं नाही. नसू द्या. तुमच्याकडं त्या काळातल्या पगाराच्या चिठ्ठ्या असतील तर उत्तम. नसतील तर बँकेचं जुनं स्टेटमेंट काढा आणि ईएसआयची नोंद काढा. पीएफ बुडवणारे बरेच गुत्तेदार ईएसआय मात्र भरतात, आणि त्या नोंदीत मालकाचं नाव, महिना, पगार सगळं असतं. हे कागद जोडून कंपनीला एक अर्ज, भविष्य निधीच्या छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयाला एक. दोन्हीची पोच घ्या, पोच दिल्याशिवाय अर्ज सोडू नका. दर महिन्याच्या २७ तारखेला भविष्य निधीवाले जिल्ह्याजिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ नावाचं शिबिर घेतात, तिथं अधिकारी समोर असतो. शिफ्ट बदलून घ्या आणि जा. पोराला सोबत न्या. तो भरतीचे फॉर्म भरून तरबेज झालेला असणार, पोर्टलवर तक्रार टाकणं त्याला अवघड नाही. तुमचे पैसे कुठं अडकलेत हे त्याला एकदा डोळ्यांनी बघू द्या, चुलत्याशी भांडताना उपयोगी पडेल.

तारखेचंही तिथंच निस्तरा. मास्तरानं शाळेत घालताना ‘एक जून’ टाकून दिलेली माणसं मराठवाड्यात गावोगाव आहेत. सरकारी नोकरीत पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला कचेऱ्या आणि शाळा हारफुलांनी भरून जातात. तुमच्या भावाच्या नोकरीत ती तारीख सर्व्हिस बुकात एकदा चढली आणि शेवटपर्यंत तशीच राहिली. तुमची चार गुत्तेदारांनी चार वेळा लिहिली असेल. आधार, पीएफ आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर नाव आणि तारीख एकच आहे का ते आत्ताच बघा. नसेल तर दाखला लावून दुरुस्ती करून घ्या. पेन्शनचा अर्ज त्याच कारणानं परत आला तर महिने जातात. हयातीच्या दाखल्याचंही लक्षात ठेवा. तीस वर्षं लोखंड हाताळलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही. मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, हुज्जत घालत बसू नका.

ग्रॅच्युइटी विचारली नाहीत, तरी सांगते. आताच्या गुत्तेदाराकडं सहा वर्षं झाली, म्हणजे पाच वर्षांची अट पूर्ण. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून, त्याला १५ नं गुणायचं, २६ नं भागायचं, मग वर्षांनी गुणायचं. १२,६०० वर सहा वर्षांचे ४३,६१५ होतात. काम सुटलं की तीस दिवसांत लेखी अर्ज द्या. दिले नाहीत तर कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, उशिराचं व्याजही आहे. नवा गुत्तेदार येतोय अशी कुणकुण लागली तर आधी हे मागून घ्या.

२००८ ला काढलेल्या पैशांबद्दल फार जिवाला लावून घेऊ नका. कंपनी बंद पडल्यावर घरभाडं आणि पोराची फी समोर असताना कुणीही तेच केलं असतं. पण वाचणाऱ्या तरुण पोरांसाठी लिहून ठेवते: नोकरी सुटली तर पीएफ काढावा लागला तरी पेन्शनचा भाग काढू नका, त्याचं स्कीम सर्टिफिकेट घ्या. सेवा पुढच्या नोकरीला जोडली जाते. पत्र लिहिणाऱ्या या दादांची ती नऊ वर्षं जोडलेली असती तर आज महिन्याला आठशेच्या वर रुपये जास्त असते, आणि वीस वर्षांचा टप्पा गाठल्यावर बोनसची दोन वर्षं वेगळी.

आता घरातलं.

राज्य सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय अठ्ठावन्न आहे, चतुर्थ श्रेणीचं साठ. केंद्रात १९९८ पासून साठ आहे. राज्याच्या संघटना कित्येक वर्षं साठ मागतायत, आणि केंद्राकडं बोट दाखवून मागतायत, ते समजण्यासारखं आहे. सरकारलाही ते अधूनमधून आवडतं, कारण एवढ्या लोकांची ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी देणं) हा सगळा एकरकमी खर्च दोन वर्षं पुढं जातो. मग उरतो तुमचा पोरगा. सव्वीसच्या पोराला दोन वर्षं म्हणजे काय हे आपण वयस्कर माणसं विसरतो. पोलीस शिपाई भरतीत खुल्या गटाची वयोमर्यादा अठ्ठावीस आहे. दोन वर्षं जागा निघाल्या नाहीत की तो दरवाजाच बंद. त्याचा राग खोटा नाही.

पण त्यानं तो चुकीच्या माणसावर काढला. चुलते उठले की त्या खुर्चीवर दुसऱ्या दिवशी कुणीतरी बसतं असा त्याचा समज आहे. बसत नाही. शिक्षक रिटायर होतो, पद रिक्त राहतं, दोन वर्गांना एक मास्तर होतो आणि ते तसंच चालतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी पदं खासगी एजन्सीमार्फत कंत्राटी भरायचा शासन निर्णय निघाला होता. ओरड झाली, ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. त्या निर्णयातून तुमच्या पोराच्या वाट्याला काय आलं असतं? सरकारी गुत्तेदार. तुमचीच पंधरा-सोळा वर्षं त्यानं पुन्हा काढली असती, फक्त मशीनच्या जागी कॉम्प्युटर. वय अठ्ठावन्न ठेवलं काय आणि साठ केलं काय, रिक्त झालेली जागा कायमची भरली जाणार की कंत्राटावर, हे ठरल्याशिवाय त्या भांडणातून पोराला काही मिळत नाही. हे त्याला सांगा. आणि तुमच्या थोरल्या दादांनाही सांगा, की साठ मागताना ‘आणि रिक्त पदं भरा’ एवढं जोडून मागा. नुसतं साठ मागितलं तर घरातली पोरंच विरोधात जाणार.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सगळ्यांना एकच वय लावणं मला पटत नाही. फ्रान्समध्ये २०२३ साली सरकारनं वय बासष्टवरून चौसष्ट करायचा कायदा केला तेव्हा लाखो माणसं रस्त्यावर आली. तिथंही भांडण हेच होतं: ऑफिसात बसणाऱ्याला दोन वर्षं जास्त म्हणजे दोन वर्षं जास्त पगार, विटा वाहणाऱ्याला दोन वर्षं जास्त म्हणजे पाठ कायमची मोडणं. पण त्यांच्याकडं निदान एक तरतूद आहे. जो लहान वयात कामाला लागला त्याला लवकर सुटता येतं. आपल्याकडं असलं काही असतं तर तुम्ही साल धरलं तेव्हापासून तुमची सेवा मोजावी लागली असती. कोण मोजणार? सालगड्याचा करार पाडव्याला तोंडी होतो, ज्वारीची पोती आणि चपलांचा जोड ठरतो, कागद नसतो.

तुम्ही पत्रात ते एका ओळीत लिहिलंत, की दादा डी.एड. करत होते तेव्हा मी साल धरलं. मला वाटतं सत्काराला जायचं मन होत नाही त्याचं मूळ चाळीस हजारांत नाही, या ओळीत आहे. आपल्या भागात किती घरं अशी उभी राहिली. एकाला शिकवायचं, दुसऱ्यानं राबायचं, आणि शिकलेला नोकरीला लागला की घर वर येईल अशी आशा. नोकरी लागली, घरही थोडंफार वर आलं. पण ज्यानं राबून फी भरली त्याची वर्षं कुठल्याच रजिस्टरात नाहीत. दादांची पेन्शन १९८२ च्या नियमांनुसार, शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता. त्यात तुमच्या सालाचा वाटा आहे, असं मी म्हटलं तर तुमच्या भावाला राग येईल का? मला वाटतं येणार नाही. कुणी म्हटलंच नसेल आजवर.

पण ती पेन्शन तुमच्या ताटातून गेलेली नाही, हेही तितकंच खरं. दादांची कमी केली म्हणून तुमची एका रुपयानं वाढणार नाही. सरकारी नोकरीतही सगळे एका ओळीत नाहीत. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेला आणि नंतर लागलेला, एकाच स्टाफरूममध्ये दोन जाती झाल्या. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आठवडाभर संप झाला तो त्यावरूनच, आणि २०२४ मध्ये सरकारला निम्म्या पगाराच्या पेन्शनची हमी द्यायला थोडंफार वळावं लागलं. ज्यांना संप करता येतो, ज्यांच्या संपानं शाळा आणि तहसील बंद पडतात, त्यांना हे जमतं. ईपीएसवाल्यांची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० ठरली आणि तिथंच आहे. शेजारी बुलढाण्यात ईपीएसचे पेन्शनर साखळी उपोषणाला बसले, ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागतायत. म्हाताऱ्यांच्या उपोषणानं कुणाचं काही बंद पडत नाही. गेलात कधी त्यांच्या मोर्चाला, तर दादांनाही न्या. रिटायर मास्तरांना निवेदनं छान लिहिता येतात.

वहिनींचं मी मुद्दाम मागं ठेवलं, कारण तिथं सांगण्यासारखं थोडं आणि चीड येण्यासारखं जास्त आहे. कोयत्याची उचल नवरा-बायकोच्या नावानं एकत्र मिळते, मुकादमाच्या वहीत नाव तुमचं. पहाटे मोळ्या वाहिल्या त्यांनी, आणि त्या वहीतही त्या नाहीत. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला, तेव्हा ज्या बायकांबद्दल बोलणं चाललं होतं त्यांतल्या कित्येकींची तिशीच होती. शरीर तिशी-पस्तिशीत थकलं तरी सरकारच्या हिशोबात म्हातारपण पासष्टला सुरू होतं. श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये पासष्टनंतरच. आणि त्यातली गंमत ऐका: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असावं लागतं. तुमची दोन हजारांची पेन्शन वर्षाला २४,००० होते. म्हणजे आयुष्यभर पीएफ भरून जी पेन्शन कमावलीत, तिच्यामुळंच बायको श्रावणबाळच्या मर्यादेच्या वर जाते. ही मर्यादा ज्यांनी ठरवली त्यांनी १,७५० रुपयांत एक महिना काढून दाखवावा, बाकी काही म्हणणं नाही.

तोवर ‘लाडकी बहीण’चे १,५०० पासष्टपर्यंत येत असतील तर त्यांच्या स्वतःच्या खात्यात राहू द्या. ईपीएसच्या किमान पेन्शनपेक्षा ती रक्कम जास्त आहे, यावर काय बोलावं. ई-श्रम कार्ड साठीच्या आत काढता येतं, निघालं नसेल तर काढा. तुमच्या पेन्शनच्या अर्जात त्यांचं नाव, जन्मतारीख आणि जोडीचा फोटो नीट आहे ना बघा, कारण तुमच्यामागं निम्मी पेन्शन त्यांना मिळायची आहे आणि ती हजाराच्या खाली जाऊ शकत नाही. पोराचं अजून चाळीस झालेलं नाही. नोकरी लागेपर्यंत तो कुठं रोजानं जात असेल तर त्याच्या नावानं श्रमयोगी मानधन सुरू करून द्या, साठनंतर महिन्याला ३,००० ठरलेले आहेत. त्याला आत्ता हसू येईल. येऊ द्या.

राहिला सत्कार, आणि त्याला जोडून एक व्यवहाराची गोष्ट. गेवराईकडची जमीन तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण असेल तर सामायिक असेल आणि सातबाऱ्यावर दोघांची नावं असतील. पीएम किसानमधून सरकारी नोकर बाद होतो, महिन्याला दहा हजारांच्या वर पेन्शन घेणारा बाद होतो. तुमची दोन हजारांची पेन्शन त्यात आड येत नाही. १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर केंद्राचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,०००, वर्षाला १२,००० तुमच्या नावानं येऊ शकतात. म्हणजे तुमच्या पेन्शनच्या निम्मे. आजवर ‘दादा नोकरीत आहे, आपल्याला मिळत नाही’ असं समजून तुम्ही अर्जच केला नसेल अशी मला दाट शंका आहे. नाव स्वतंत्र नसेल तर तहसीलदाराकडं जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणी करून घेता येते. त्याला भावाची संमती लागते, आणि ती दादा देतील.

पण हे बोलणं ३१ मेला काढू नका. त्या दिवशी जा, वहिनींना आणि पोराला घेऊन जा, मंडपात पुढं बसा. भाषणं सुरू झाली आणि ‘आईवडिलांच्या आशीर्वादानं’ म्हणून झालं की दादा तुमचं नाव घेतात का बघा. घेतलं तर उत्तम. नाही घेतलं तर त्यांच्या एखाद्या जुन्या मित्राला आधीच कानात सांगून ठेवा, धाकट्यानं साल धरलं होतं हे तेवढं बोला म्हणून. फेरफाराचा अर्ज आणि दोघांची आधार कार्डं घेऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीची घाई व्हायच्या आत, गेवराईला चला म्हणावं. तेव्हा दादांना रजा टाकावी लागणार नाही.